विश्लेषण : अमेरिकी मतदार मत देतो, ते नेमके कशासाठी?

अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२४ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. डोनाल्ड ट्रम्प जिंकले, कमला हॅरिस हरल्या. या वेळी निकालावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला, आणि अजूनही सुरू आहे, तो निकालाच्या कारणांवर. महागाई, स्थलांतरितांचा प्रश्न, वंशद्वेष, स्त्री उमेदवाराबद्दलचा आकस, बायडेन यांचे वय, गाझा... ज्याने त्याने आपल्याला पटेल ते कारण उचलले. मतदाराने मत का दिले हे त्याला न विचारताच ठरवून टाकण्याची ही सवय प्रचारापुरती राहत नाही. पक्षांची पुढची धोरणे आणि पुढचे उमेदवार त्यावरच ठरतात. म्हणून आकडेवारी आणि गेल्या आठ दशकांतील संशोधन याबाबत काय सांगते, हे पाहणे आवश्यक ठरते.

कौल प्रचंड होता की निसटता?

दोन्ही म्हणता येईल, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत अध्यक्षाची निवड थेट लोकांच्या मतांवर होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी मते असतात. बहुतेक राज्यांत जो पहिला येतो त्याला त्या राज्याची सगळी मते मिळतात. या ‘इलेक्टोरल कॉलेज’च्या ५३८ मतांपैकी ट्रम्प यांना ३१२ आणि हॅरिस यांना २२६ मिळाली. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना आणि नेवाडा ही सातही ‘स्विंग स्टेट्स’, म्हणजे कधी इकडे तर कधी तिकडे झुकणारी राज्ये, ट्रम्प यांनी जिंकली. नकाशाकडे पाहिले तर ही लाट वाटते.

लोकांची मते मोजली की चित्र बदलते. ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख, तर हॅरिस यांना सुमारे ७ कोटी ५० लाख मते पडली. टक्केवारीत फरक दीड टक्क्याचा. ट्रम्प यांचा वाटा ५० टक्क्यांच्या किंचित खालीच राहिला. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील आघाडी एकत्र केली तर ती २ लाख ३० हजारांच्या आसपास भरते. या तीन राज्यांत योग्य प्रमाणात विखुरलेल्या सव्वा लाखाहून कमी मतदारांनी आपले मत बदलले असते, तर हॅरिस बरोबर २७० वर, म्हणजे विजयाच्या आकड्यावर पोहोचल्या असत्या.

२०२० मध्ये याउलट घडले होते. बायडेन यांना देशभरात सुमारे ७० लाख मते जास्त मिळाली. पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधील त्यांची एकत्रित आघाडी ४३ हजारांच्या आसपासच होती. २०१६ मध्ये तर हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त पडूनही त्या हरल्या. अशा निकालानंतर ‘देशाने अमुक विचार स्वीकारला’ किंवा ‘तमुक विचार नाकारला’ असे म्हणणे धाडसाचे असते. तरीही दर वेळी तेच म्हटले जाते.

महागाईने सरकार पाडले, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. चार दशकांतील तो उच्चांक होता. निवडणूक आली तेव्हा तो अडीच टक्क्यांच्या आसपास उतरला होता आणि बेरोजगारीही ४ टक्क्यांच्या जवळ होती. डेमोक्रॅटिक पक्ष हे आकडे पुढे करून ‘अर्थव्यवस्था उत्तम आहे’ असे सांगत राहिला.

इथेच बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा हिशेब वेगळा पडला. महागाईचा दर उतरतो म्हणजे भाव उतरत नाहीत, ते फक्त कमी वेगाने वाढतात. २०२१ च्या सुरुवातीपासून निवडणुकीपर्यंत एकंदर भावपातळी सुमारे २० टक्क्यांनी वर गेली होती. अर्थतज्ज्ञ गेल्या बारा महिन्यांचा दर बघत होते. दुकानात उभा असलेला माणूस अंड्यांची आजची किंमत चार वर्षांपूर्वीच्या किमतीशी ताडून पाहत होता. मतदानोत्तर चाचणीत तीनपैकी दोन मतदारांनी अर्थव्यवस्था चांगली नाही असे सांगितले. जवळपास निम्म्यांनी आपल्या घरची आर्थिक स्थिती चार वर्षांपूर्वीपेक्षा वाईट असल्याचे म्हटले. १९८० च्या वादचर्चेत रोनाल्ड रेगन यांनी मतदारांना नेमका हाच प्रश्न विचारला होता : चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे बरे चालले आहे का? तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

शिवाय हे एकट्या अमेरिकेत घडले नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाची सत्ता गेली, तर जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. करोनानंतरच्या भाववाढीचा राग अनेक देशांतील सत्ताधाऱ्यांवर निघाला. त्यामुळे अमेरिकेच्या निकालाचे सगळे श्रेय किंवा खापर तिथल्याच एखाद्या वैचारिक लढ्यावर फोडता येत नाही.

मग ‘महागाई’ हेच एकमेव उत्तर का नाही?

कारण महागाई किती वाटते, हेही पक्षावर अवलंबून असते. मिशिगन विद्यापीठ दर महिन्याला ग्राहकांचा अर्थव्यवस्थेवरील विश्वास मोजते. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर रिपब्लिकन समर्थकांचा हा विश्वास झपाट्याने वाढला आणि डेमोक्रॅटिक समर्थकांचा घसरला. नवे अध्यक्ष तेव्हा पदावरही आले नव्हते. दुकानातले भाव दोघांसाठी तेच होते. २०२० च्या निवडणुकीनंतर हाच प्रकार उलट दिशेने दिसला होता.

म्हणजे मतदार जे कारण सांगतो ते नेहमीच मताच्या आधीचे नसते. पुष्कळदा मत आधी ठरलेले असते आणि कारण नंतर जोडले जाते. मतदानोत्तर चाचणीत ‘लोकशाहीची स्थिती’ हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मानणाऱ्यांपैकी पाचातील चौघे हॅरिस यांच्या बाजूचे होते. अर्थव्यवस्था हा मुद्दा मानणाऱ्यांपैकी तितकेच ट्रम्प यांच्या बाजूचे होते. मुद्द्याने मत ठरवले की मताने मुद्दा निवडला, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. चाचणीचे तक्ते वाचताना ही मर्यादा सहसा विसरली जाते.

पक्ष ही मताची बाब की ओळखीची?

मिशिगन विद्यापीठातील चार अभ्यासकांनी १९६० मध्ये ‘द अमेरिकन व्होटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुतेक अमेरिकी लोक धोरणांचा ताळेबंद मांडून पक्ष निवडत नाहीत, असे त्यांना आढळले होते. पक्षनिष्ठा घरातून येते, एखाद्या पंथासारखी, आणि उमेदवार व मुद्दे त्याच चष्म्यातून पाहिले जातात.

ही निष्ठा आता अधिक कडवी झाली आहे. आपल्या पक्षावरील प्रेमापेक्षा दुसऱ्या पक्षाबद्दलचा राग तीत जास्त दिसतो. मुला-मुलीने विरोधी पक्षाच्या समर्थकाशी लग्न केले तर चालेल का, असा प्रश्न अमेरिकेत १९६० मध्ये विचारला गेला होता. तेव्हा दोन्ही पक्षांच्या समर्थकांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास लोकांनीच नाराजी दाखवली. २०१० मध्ये नाराजांचे प्रमाण रिपब्लिकनांत निम्म्याच्या आसपास आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश होते. कर आणि विमा योजना यांवरील मतभेद सोयरिकीपर्यंत पोहोचले, यातच बदल किती खोल गेला आहे ते दिसते.

वादचर्चा पाहून मत बदलते का?

टीव्हीवरील वादचर्चांचा गाजावाजा १९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेपासून सुरू आहे. २०२४ मध्ये तर एका चर्चेने उमेदवारच बदलला. २७ जूनच्या अटलांटातील चर्चेत बायडेन अडखळले आणि २१ जुलै रोजी त्यांनी माघार घेतली. पण तो परिणाम मतदारांपेक्षा पक्षनेत्यांवर आणि देणगीदारांवर झाला होता. १० सप्टेंबर रोजी फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प समोरासमोर आले. ही चर्चा हॅरिस यांनी जिंकली असे बहुतेक पाहण्यांत प्रेक्षकांनी सांगितले. आठ आठवड्यांनी त्या निवडणूक हरल्या.

यात अभ्यासकांना नवल वाटले नाही. १९४० च्या निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतील ईरी काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्हा किंवा तालुका) मतदारांशी महिनोन्महिने पुन:पुन्हा बोलून नोंदी घेतल्या. प्रचाराने बाजू बदललेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांच्या बाबतीत आधीचेच मत पक्के झाले. अलीकडे दोन अभ्यासकांनी विविध देशांतील ६२ निवडणुका आणि ५६ वादचर्चा तपासल्या. अनेक मतदार शेवटच्या दोन महिन्यांत मत ठरवतात हे त्यांना दिसले, पण टीव्हीवरील चर्चांचा त्यात हात आढळला नाही. अमेरिकेतील घरोघरचा प्रचार, फोन आणि पत्रके यांच्या ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंतिम निवडणुकीत मन वळवण्यात अशा प्रचाराचे सरासरी यश शून्याच्या जवळ निघाले.

वंश, धर्म, भाषा यांवरून मत ओळखता येते का?

२०२४ ने या गृहीतकाला जोरदार धक्का दिला. टेक्सासमधील स्टार काउंटीत ९५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या लॅटिनो आहे. तिथे २०१६ मध्ये क्लिंटन यांना जवळपास ८० टक्के मते होती. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ती काउंटी जिंकली. शंभरहून अधिक वर्षांत रिपब्लिकन उमेदवाराला तिथे प्रथमच यश मिळाले. स्थलांतरितांविरुद्ध कठोर बोलणारा उमेदवार स्थलांतरितांच्या वंशजांना चालणार नाही, हा हिशेब बाहेरच्यांनी मांडला होता. सीमेलगतच्या या भागातील लोकांनी तो मान्य केला नाही. प्यू रीसर्च सेंटरने मतदार याद्यांशी ताडून केलेल्या पाहणीनुसार देशभरातील लॅटिनो मतदारांत ट्रम्प यांचा वाटा २०२० मधील ३६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला.

मिशिगनमधील डिअरबॉर्न शहरात अरबवंशीयांची मोठी वस्ती आहे. २०२० मध्ये बायडेन यांना तिथे सुमारे ७० टक्के मते पडली होती. गाझातील युद्धावरून संतापलेल्या या शहरात २०२४ मध्ये ट्रम्प पहिले आले आणि हरित पक्षाच्या जिल स्टाइन यांनीही मोठा वाटा घेतला. इथल्या अनेकांचे मत ट्रम्प यांच्यासाठी कमी आणि बायडेन प्रशासनाविरुद्ध जास्त होते. मतपत्रिकेवर मात्र दोन्हींची खूण एकच असते.

भारतीय वंशाच्या मतदारांबाबतही हेच. हॅरिस यांच्या आई चेन्नईच्या, म्हणून भारतीयांची मते त्यांना एकगठ्ठा मिळतील, अशी चर्चा भारतात बरीच झाली. ‘कार्नेगी एंडाउमेंट’ने निवडणुकीआधी केलेल्या पाहणीत ६१ टक्क्यांनी हॅरिस यांना, तर ३२ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत देण्याचा इरादा सांगितला. स्वत:ला डेमोक्रॅट म्हणवणारे २०२० मध्ये ५६ टक्के होते, ते ४७ टक्क्यांवर आले. महत्त्वाचे मुद्दे विचारल्यावर महागाई, नोकऱ्या, गर्भपाताचा हक्क यांची नावे वर आली. भारत-अमेरिका संबंध यादीत बरेच खाली होते. दुसरीकडे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मराठी गृहस्थ डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसमध्ये निवडून येतात. त्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांची संख्या मोठी आहे. ‘आपला माणूस’ म्हणजे कोण, हे रक्तावरून ठरत नसल्याचे हेही उदाहरण.

एकाच दिवशी दोन उलट कौल कसे?

त्याच दिवशी मिझुरी राज्यात ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते मिळाली. त्याच मतदारांनी राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क नोंदवणारी दुरुस्ती मंजूर केली आणि किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्तावही संमत केला. अॅरिझोनात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने ६० टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि ट्रम्पही जिंकले. नॉर्थ कॅरोलिनात ट्रम्प विजयी झाले, पण गव्हर्नरपदी डेमोक्रॅट जॉश स्टाइन मोठ्या फरकाने निवडून आले. अॅरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या ट्रम्प यांनी जिंकलेल्या चार राज्यांनी सिनेटवर डेमोक्रॅट उमेदवार पाठवले.

न्यूयॉर्कच्या डाव्या विचारांच्या काँग्रेस सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनाही निकालानंतर हेच कोडे पडले. आपल्याला आणि ट्रम्प यांना एकाच वेळी मत देणाऱ्यांना त्यांनी समाजमाध्यमावर कारण विचारले. दोघेही प्रस्थापितांपैकी वाटत नाहीत, दोघेही कष्टकऱ्यांबद्दल बोलतात, अशा आशयाची उत्तरे आली. पक्षांच्या जाहीरनाम्यांत हे दोघे दोन टोकांना आहेत. मतदाराच्या मनातील रेषा वेगळ्या जागी आखलेली होती.

मत न देणाऱ्यांचे काय?

पात्र मतदारांपैकी सुमारे ६४ टक्क्यांनी मतदान केले. अमेरिकेच्या मानाने हे प्रमाण चांगलेच, पण एक तृतीयांशाहून अधिक लोक घरी राहिले. प्यूच्या पाहणीत, २०२० मध्ये बायडेन यांना मत दिलेल्यांपैकी १५ टक्के या वेळी मतदानालाच आले नाहीत. ट्रम्प यांच्या जुन्या मतदारांत हे प्रमाण ११ टक्के होते. बायडेन यांना सोडून थेट ट्रम्प यांच्याकडे गेलेले सुमारे ५ टक्केच होते. निवडणूक ‘लोकांचे मन बदलले’ म्हणून फिरते, तशीच ‘कोणाला निघावेसे वाटले नाही’ म्हणूनही फिरते. घरी बसलेला मतदार टीव्हीवरील चर्चेत नसतो, सभेत नसतो आणि मतदान केंद्राबाहेरच्या चाचणीतही नसतो. त्यामुळे त्याचे कारण सर्वांत कमी ऐकले जाते.

हेतूंवर बोट ठेवणे महागात का पडते?

२०१२ मध्ये मिट रॉम्नी यांचे एका खासगी देणगी कार्यक्रमातील बोलणे बाहेर आले. ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि ते आपल्याला मत देणारच नाहीत, असा त्याचा आशय होता. २०१६ मध्ये क्लिंटन यांनी ट्रम्प समर्थकांपैकी निम्म्यांना निंद्य लोकांच्या टोपलीत टाकले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बायडेन यांच्या एका वाक्यातून त्यांनी ट्रम्प समर्थकांना ‘कचरा’ म्हटल्याचा अर्थ निघाला. व्हाइट हाऊस खुलासा करत राहिले आणि ट्रम्प दुसऱ्याच दिवशी विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसून छायाचित्रकारांसमोर आले. ट्रम्प यांनीही नोव्हेंबर २०२३ मध्ये डाव्या विरोधकांना उपद्रवी किड्या-उंदरांची उपमा दिली होती.

या वाक्यांनी किती मते फिरली हे मोजणे कठीण. पण त्यांचा एक परिणाम उघड आहे. ज्याला असे म्हटले जाते, तो आपली भूमिका बदलत नाही, ज्यांना म्हटले गेले त्यांच्यात जाऊन उभा राहतो. वंशद्वेष अमेरिकी राजकारणात आहेच आणि त्याकडे काणाडोळा करण्याचे कारण नाही. मात्र ओबामा यांना दोनदा मत देऊन २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे वळलेल्या दोनशेहून अधिक काउंटी त्या एका शब्दात बसत नाहीत. त्याचप्रमाणे डेमोक्रॅटिक मतदार देशाचा शत्रू आहे, हे म्हणणे मिझुरीत किमान वेतनाला मत देणाऱ्या ट्रम्प समर्थकांनाही समजावता येणार नाही.

मग वाद घालून काही उपयोग आहे का?

आहे, पण वाद कसा घातला जातो त्यावर तो अवलंबून असतो. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला यांनी मायामीत केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन पारलिंगी व्यक्तींबद्दल साधारण दहा मिनिटे संभाषण केले. पत्रक वाचून दाखवण्याऐवजी त्यांनी समोरच्याला त्याचे अनुभव विचारले. आपल्याला वेगळे म्हणून कधी वागवले गेले का, हे आठवायला सांगितले आणि उत्तरावर निवाडा दिला नाही. पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. घरोघरच्या प्रचाराचे यश शून्याच्या जवळ मोजणारे अभ्यासक हेच दोघे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. अशा संभाषणाने अध्यक्षपदाचे मत फिरते, असा त्यांचा दावा नाही. विशिष्ट प्रश्नावरील ग्रह सैल होऊ शकतो, एवढे त्यातून दिसते.

ज्या देशाचा अध्यक्ष लाख-दोन लाख मतांवर ठरतो, तिथे एवढेही थोडे नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ चा पराभव ‘मतदार अज्ञानी किंवा द्वेष्टे’ म्हणून निकाली काढला, तर स्टार काउंटी आणि डिअरबॉर्नमधील लोक का गेले हे त्यांना कळणार नाही. रिपब्लिकन पक्षाने दीड टक्क्याच्या आघाडीला आपल्या साऱ्या कार्यक्रमाची मंजुरी मानले, तर भाव उतरतील म्हणून आलेला मतदार भाव न उतरल्यास परत जाईल. तो पक्षाचा नव्हताच, त्याचे गाऱ्हाणे पक्षाने उसने घेतले होते. २०२८ ची तयारी करताना दोन्ही पक्ष पुन्हा सल्लागार नेमतील, चाचण्या घेतील आणि मतदारांचे गट पाडतील. त्याआधी त्या मतदाराला कारण विचारण्याचा आणि ते उत्तर पूर्ण ऐकून घेण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे, आणि तो फारसा खर्चिकही नाही.